३५ रुपये ४० पैसे: एका क्रिप्टो एक्सचेंजचा एकवीस महिन्यांचा अनुभव

बँकेचा मेसेज आला तेव्हा मी दाढी करत होतो. ६८,८३९ रुपये ८० पैसे जमा. अकरा दिवस अडकलेले पैसे सुटले म्हटल्यावर माणसाने तोंड पुसून देवाला हात जोडावेत. मी अर्ध्या दाढीनिशी वही घेऊन बसलो. माझ्या हिशेबाने ६८,८७५ रुपये २० पैसे यायला हवे होते. ३५ रुपये ४० पैसे कमी.

"अहो, अकरा दिवस सत्तर हजारांसाठी एवढे तळमळला नाहीत," ही म्हणाली. खरं आहे तिचं. पण त्यामागचं गणित ऐका.

फेब्रुवारी २०२४ पासून एका क्रिप्टो एक्सचेंजच्या ॲपवर दर महिन्याला पाच हजारांचं बिटकॉइन घेत होतो. घेण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पैसे टाका, बटण दाबा, झालं. गिऱ्हाईक आत येताना कुठलंच दुकान अडवत नाही. केवायसी, चार्ट, आयफोनवर ॲप कसं दिसतं वगैरे इतरांनी भरपूर लिहिलंय, ते तिकडे वाचा. मी फक्त बाहेर पडायच्या दाराबद्दल लिहिणार आहे.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजवर चोरी झाली, ती आठवत असेलच. माझं ॲप ते नव्हे. सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, म्हणजे ग्राहकांच्या मालमत्तेतला जवळपास ४५ टक्के भाग. आणि गेली ती कुणाच्या साध्या पासवर्डमागून नव्हे, तर अनेकांच्या सह्या लागणाऱ्या डिजिटल पाकिटातून. पुढचं प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चाललं, आणि नाण्यांचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. आमच्या ऑफिसातला एक जण त्यात होता. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर सिंगापूरच्या कोर्टाचे कागद वाचायचा, डबा तसाच उघडा.

चोरीची बातमी आली त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्या ॲपच्या अटी वाचल्या. तोपर्यंत मला वाटायचं की ॲपमध्ये दिसणारं ०.०० काहीतरी बिटकॉइन म्हणजे माझ्या नावाचं एखादं नाणं कुठल्यातरी कप्प्यात ठेवलेलं असतं. तसं नसतं. सगळ्यांची नाणी कंपनीच्या मोठ्या पाकिटांत एकत्र असतात, आपल्याला दिसते ती खतावणीतली नोंद. थोडक्यात, आपण धनको. वर एफआययूकडे, म्हणजे सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणीकृत अशी हिरवी पट्टी मिरवतात. त्या नोंदणीचा अर्थ एवढाच की मार्च २०२३ पासून ही मंडळी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, संशयास्पद व्यवहार सरकारला कळवतात. उद्या दुकान बुडालं तर सरकार भरून देईल असा त्याचा अर्थ नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे पाच रुपयांनाही नाही.

मग ऑगस्ट २०२४ पासून मी एक सुरू केलं. दर महिन्याच्या पाच तारखेला ५०० रुपयांचं बिटकॉइन विकायचं आणि पैसे बँकेत मागवायचे. ५०० तून एक टक्का टीडीएस ५ रुपये. विक्रीची फी अर्धा टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २ रुपये ९५ पैसे. आणि बँकेत पाठवायचे १० रुपये अधिक जीएसटी, ११ रुपये ८० पैसे. हातात ४८० रुपये २५ पैसे. टीडीएस रिटर्नमध्ये वळता होतो, फी समजू शकतो. पण माझेच पैसे मला द्यायला ११.८०? पाचशेला ११.८० आणि पाच लाखांनाही ११.८०. ही फी जणू गरिबासाठीच शोधून काढलीय.

ही खोड माझी नव्हे, माझ्या वडिलांची, अण्णांची. गावात एक पतसंस्था होती. अण्णांची चाळीस हजारांची ठेव तिथे, आणि एक बचत खातंही. दर महिन्याला सायकलवर जाऊन ते शंभर रुपये काढून आणायचे. गरज म्हणून नाही, कॅशियर देतोय का ते बघायला. शंभराची नोट आईच्या हातात देताना म्हणायचे, "देतायत अजून." सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार काढता येतील असं सांगितलं गेलं. तेव्हा टीव्हीवरच्या त्या रांगा बघून मला अण्णांची सायकल आठवली होती.

वर्षभरात बारा वेळा पैसे मागवले, बाराही वेळा आले. बहुतेकदा दहा मिनिटांत, एकदा दिवाळीच्या आसपास दुसऱ्या दिवशी. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी या ॲपला पाचपैकी साडेचार दिले असते. अर्धा ११.८० पायी कापला असता.

रिटर्न भरताना मात्र सीएने फोन केला. "हे पाचशे-पाचशेचे आठ व्यवहार कसले?" शेड्यूल व्हीडीएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या क्रिप्टोच्या तक्त्यात, प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ लागते: कधी घेतलं, कधी विकलं, कितीला पडलं, किती मिळाले. मार्चपर्यंतच्या माझ्या आठ परीक्षांच्या आठ ओळी झाल्या. मी त्यांना अण्णांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "यापुढे वर्षातून एकदाच विश्वास तपासा."

१९ जुलै २०२५ ला कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्सचेंजवरच्या चोरीची बातमी आली. ४.४ कोटी डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्यातले, ग्राहकांची नाणी सुरक्षित आणि तोटा आम्ही भरू, असं कंपनीने सांगितलं. तेही माझं ॲप नव्हे. पण दोन जुलैंत दोन बातम्या. भाव एक कोटीच्या वर होता, खरेदी थांबवली आणि म्हटलं, निम्मं विकून टाकू.

ज्यांना विकायचंय त्यांनी इथून पुढचं नीट वाचा. समोर मोठ्या अक्षरात भाव होता १ कोटी ५ लाख २० हजार. विका दाबल्यावर बारीक अक्षरात आला १ कोटी ४ लाख. माझ्या ७० हजारांच्या विक्रीत तो फरक आठशे रुपयांचा पडला. त्याच ॲपमध्ये प्रो नावाच्या टॅबमागे खरी ऑर्डर बुक, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांची यादी आहे, तिथे आपला भाव लावून थांबता येतं, हे मला विकून झाल्यावर कळलं. मोठं पिवळं बटण वाटेत असल्यामुळे तिकडे कुणी जात नाही. आठशे रुपये गेले त्याचं मला फारसं वाटलं नाही, ती माझी चूक.

कर: ४५ हजारांना पडलेलं ७० हजारांना गेलं. नफा २५ हजार, त्यावर ३० टक्के आणि सेस मिळून ७,८००. त्यातून ७०० टीडीएस वजा. विक्रीची ४१३ रुपये फी खर्च म्हणून दाखवता येत नाही, फक्त खरेदीची किंमत वजा होते. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. २०२२ च्या बजेटपासून हेच आहे, त्यावर रडून झालंय.

मावसभाऊ म्हणाला होता, "कशाला एक्सचेंजवर विकतोस, यूएसडीटी करून पीटूपीवर दे, भावही जास्त आणि टीडीएसही नाही." म्हणजे डॉलरला जोडलेलं नाणं घेऊन ते थेट दुसऱ्या माणसाला विकायचं. टीडीएस तिथेही कायद्याने लागतोच, फक्त कुणी कापत नाही. दुसरं म्हणजे समोरचा कुणाच्या पैशाने आपलं नाणं घेतोय हे आपल्याला कळत नाही. ते पैसे कुणाच्या फसवणुकीतले निघाले, त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, की साखळीतली सगळी खाती गोठू शकतात. मावसभावाच्याच एका मित्राचं पगाराचं खातं असं गोठलं, आणि सायबर पोलीस दुसऱ्या राज्यातले. मी नाही म्हटलं. भित्रा तर भित्रा.

तर विकलं. ॲपमध्ये ६८,८८७ रुपये. मला वाटलं, सुटलो.

इथे माझ्या बँकेने घोळ घातला. आमची छोटी सहकारी बँक त्याच महिन्यात मोठ्या बँकेत विलीन झाली. नवा आयएफएससी, नवा खाते क्रमांक. ॲपमध्ये खातं नव्याने जोडलं. तपासणीसाठी त्यांनी एक रुपया पाठवला, तो आला. म्हटलं, रुपया आला म्हणजे वाट मोकळी. रक्कम टाकली. गोल फिरत राहिला. संध्याकाळी लाल अक्षरात, खातेदाराच्या नावात तफावत. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकली, कारण माणूस बंद लिफ्टचं बटणही तीनदा दाबतोच.

पॅनवर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. नव्या बँकेच्या सिस्टिममध्ये आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं, आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यासारखं. एवढंही चाललं असतं. पण अण्णांचं नाव ज्ञानेश्वर. पॅनवर ते डी-एन-वाय लावून, मराठी माणूस लिहितो तसं. बँकेच्या नव्या सिस्टिमने ते जी-वाय करून ठेवलेलं.

चॅटवर आधी यंत्र. मग अर्ध्या तासाने एक गृहस्थ, हिंदीत. "सर, ये दो अलग व्यक्ती के नाम हैं." मी सांगितलं, एकच ज्ञानेश्वर आहे, ज्ञ चा उच्चार आम्ही असा करतो. ते म्हणाले, "सर, ग्यानेश्वर का स्पेलिंग तो यही होता है, पॅन में गलत है." सातशे वर्षं महाराष्ट्र ज्यांचं नाव घेतोय ते यांच्या लेखी स्पेलिंग मिस्टेक. प्रतिज्ञापत्र पाठवा म्हणाले. राज्यात शंभराचा मुद्रांक गेला, आता पाचशेचा. वर नोटरी. म्हटलं, तुमच्या सिस्टिमला ज्ञ येत नाही आणि पाचशे मी भरू?

त्या दिवशी एक स्टार दिला. भाषाही बरी नव्हती, ती नंतर खोडली.

रात्री झोप लागेना. नाणी विकली होती, म्हणजे भावाची जोखीम नव्हती. पैसे बँकेत नव्हते, म्हणजे विमा नव्हता. ६८,८८७ रुपये हे नाणं नव्हतं आणि ठेवही नव्हती, कुणाच्या तरी स्क्रीनवरचा आकडा होता. आणि तेव्हा अण्णांच्या गोष्टीचा शेवट आठवला, जो मी सीएला सांगितला नव्हता. पतसंस्थेला कुलूप लागलं त्याच्या चारच दिवस आधी कॅशियरने अण्णांना शंभर रुपये दिले होते. कोरी नोट. चाळीस हजार बुडाले. एफटीएक्स या बुडालेल्या परदेशी क्रिप्टो एक्सचेंजनेही ८ नोव्हेंबर २०२२ ला थांबवेपर्यंत पैसे दिलेच होते. माझ्या बारा परीक्षांनी नळाला पाणी येतं एवढंच कळलं, टाकीत किती आहे ते नाही. ॲप दर तिमाहीला आमच्याकडे एवढी नाणी आहेत असा कागद टाकतं. त्यात देणी किती ते शोधत मी दोन तास घालवले. नाही सापडलं.

सहाव्या दिवशी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं नाव आम्ही नाही हो बदललं, मुंबईला बदललं." तरी त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की दोन्ही स्पेलिंगं एकाच खातेदाराची. शिक्का, सही, फुकट. ते पत्र ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केलं. पत्ता ॲपमध्ये नाही, वेबसाइटच्या तळाशी आहे, चश्मा लावून शोधा.

दहाव्या दिवशी ॲपच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. मराठीत. "ज्ञ चा घोळ आहे ना? माझे आजोबा ज्ञानदेव, मला माहितीये." पाच मिनिटांत त्यांनी सगळं समजून घेतलं, संध्याकाळपर्यंत खातं मंजूर, रात्री रक्कम टाकली, सकाळी दाढीच्या वेळी जमा. म्हणून आता तीन स्टार. खरं तर दोन ॲपला आणि एक त्या फोनवरच्या बाईंना. दोष निम्मा बँकेचा होता हेही मान्य.

उरलेलं निम्मं? ते तिथेच आहे. स्वतःच्या पाकिटात न्यायला हे ॲप ०.०००२ बिटकॉइन घेतं, म्हणजे विकलं त्या भावाने साधारण दोन हजार. वर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची किल्ली ठेवायची डबी, आठ-नऊ हजारांचं. सत्तर हजारांच्या मालाला नऊ हजारांची डबी माझ्याने घेववत नाही. नंतर भावही कोटीच्या खाली आला, म्हणजे डबी आणखी महाग. वर एवढं लिहून मी हे करतोय ते मला दिसतंय. पाच तारखेचं विकणं बंद केलंय.

आता ते ३५.४०. फसलेल्या तीन प्रयत्नांचे ११.८० प्रत्येकी. रक्कम परत आली, फी नाही आली. पैसे पोचवलेच नाहीत तर पोचवण्याची फी कसली? तक्रारीचं तिकीट टाकलं, तीन आठवडे भांडलो. शेवटी ३० रुपये मान्य झाले. जीएसटीचे ५ रुपये ४० पैसे सरकारकडे भरले गेलेत, ते देता येत नाहीत म्हणे. मी लिहिलं, क्रेडिट नोट काढा, तशी सोय कायद्यात आहे. ते तिकीट अजून उघडं आहे.

आणि ३० रुपये त्यांनी ॲपमधल्या पाकिटात टाकलेत. तिथून बँकेत आणायला ११ रुपये ८० पैसे लागतात.