घरी नेब्युलायझर वापरून नऊ महिने झाले, माझा अनुभव

लेक पाच वर्षांचा, बालदमा आहे. आम्ही लालबागला राहतो, शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, खिडकीचे गज सकाळी पुसले तरी दुपारी परत सिमेंटची पूड. थंडीत तीन वेळा अर्ध्या रात्री टॅक्सीने धावत जाऊन त्याला नेब्युलायझर (औषध श्वासातून आत पोचवणारं मशीन) लावून आणलं, मग डॉक्टरच म्हणाले घरी एक घेऊन ठेवा. कॉम्प्रेसरवालं, म्हणजे हवेचा पंप असलेलं साधं मशीन घेतलं. आवाज मोठा आहे, रात्री दोनला लावलं की सासूबाई पण उठून बसतात. मेशवालं, म्हणजे बारीक जाळीतून औषध सोडणारं, जवळपास बिनआवाजाचं असतं पण महाग, आणि त्याची जाळी फार जपावी लागते, म्हणून मी हेच घेतलं.

सगळे ‘वाफ देणं’ म्हणतात, पण ती वाफ नसते, हवेच्या दाबाने औषधाचे एकदम बारीक थेंब होतात आणि ते थंडच असतात. त्यामुळे त्यात नळाचं पाणी अजिबात घालू नका, औषध पातळ करायचं असेल तर नॉर्मल सलाईन (औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक मिठाचं पाणी), तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

पहिले दोन महिने लेक रडायचा म्हणून मी मास्क दोन बोटं लांब धरायचे, म्हणजे निम्मं औषध खोलीतच जात होतं! मास्क नाकातोंडावर नीट बसलाच पाहिजे. आता मांडीवर ताठ बसवते, गोष्ट सांगते, सात-आठ मिनिटांत होतं. शेवटी फुरफुर आवाज आला की औषधाच्या कपावर नखाने टिचकी मारायची, कडेचे थेंब खाली येतात. बुडेसोनाइड (दम्याचं स्टेरॉइड औषध) दिलं असेल तर नंतर चूळ भरायला लावते आणि तोंड पुसते, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.

आता खरं सांगायचं ते साफसफाईचं. जुलैत घाईघाईत कप धुतला आणि तसाच ओला डब्यात ठेवला, चार दिवसांनी उघडला तर कुबट वास आणि आत बारीक काळे ठिपके. हे माझं लेकरू श्वासातून आत घेणार होतं, पोटात गोळाच आला. कप, मास्क सगळं फेकून नवीन आणलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी सगळं खोलते, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुते, झटकून स्वच्छ टॉवेलवर पंख्याखाली पूर्ण सुकवते, पावसाळ्यात याला रात्र लागते म्हणून कपाचा एक जादा सेट घ्याच. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी यात अर्धा तास बुडवते, मग उकळून गार केलेल्या पाण्याने धुते. नळी धुवायची नाही, आत दव दिसलं तर नुसती नळी लावून दोन-तीन मिनिटं मशीन चालवायचं. उकळवायचं असेल तर आधी पुस्तिका वाचा, सगळे मास्क ते सहन करत नाहीत.

मे महिन्यात औषध संपायला पंधरा मिनिटं लागायला लागली, वाटलं मशीन गेलं. बघितलं तर शर्टाच्या बटणाएवढा फिल्टर काळपट झालेला, तो बदलला आणि परत आठ मिनिटं. आमच्यासारखी धूळ असेल तर दर महिन्याला उघडून बघा.

रोजचं औषध आता स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळकांडी) लावून इनहेलरने देतो, डॉक्टर म्हणाले नीट घेतलं तर तेवढंच काम होतं, आणि मशीन अडीनडीला. पण बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले तर घरी थांबू नका. ऑगस्टमध्ये एकदा औषध देऊनही त्याची छाती आत जायची थांबेना, तेव्हा मशीन तसंच चालू टाकून आम्ही त्याला उचलून खाली पळालो आणि दोन दिवस ॲडमिट ठेवावं लागलं.