50 वॉटचा हीटर, आजारी पिल्लं आणि डायलवरचा आकडा: हिवाळाभर वापरल्यानंतर

माशांच्या टँकसाठी हीटर घ्या. पण त्याच्या डायलवरच्या आकड्यावर विसंबून पिल्लांवर उपचार करू नका. इतकं ठासून लिहायचं कारण असं की फेब्रुवारीत आमच्या हीटरचा थर्मोस्टॅट अडकला, त्यावरून दुकानात वादावादी झाली आणि डिसेंबरपासून मनात साठलेलं सगळं वर आलं.

कंपनीचं नाव देत नाही. काचेची नळी, वर फिरवायचा डायल, लाल दिवा, किंमत सहाशेच्या आत. या भावातले बहुतेक हीटर आतून सारखेच असतात. आमचा टँक 50 लिटरचा, दिवाळीनंतर नवीन मांडलेला. त्यात ब्लॅक मोली या काळ्या माशांची पिल्लं, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत.

आधी हीटर घेतलाच नव्हता. "नागपुरात कशाला हीटर?" असं घरात सगळ्यांचं मत. पण इथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो, 29 डिसेंबर 2018 ला तर तो 3.5 पर्यंत उतरला होता. दुपारी मात्र खिडकीतून कडक ऊन. लहान टँकचं पाणी रात्री गार पडतं, दुपारी कोमट होतं आणि ही चढउतार पिल्लांना सोसत नाही. त्यात टँक नवा. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर पिल्लं तशीही अशक्तच असतात. थंडीची लाट आली आणि काळ्याभोर अंगांवर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके उठले. पंख अंगाशी मिटलेले, मधूनच खड्यांवर अंग घासणं. व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा माशांचा रोग.

दुकानात मॅलाकाइट ग्रीनची बाटली पुढे केली गेली. ती मी घेतली नाही. मोठ्या माशांना ते औषध चालतं, पण इतक्या लहान पिल्लांना मात्रा जरा जास्त झाली तरी ती दगावतात. मेथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये टाकलं तर फिल्टरमधले ते उपयोगी जिवाणूच मरतात, शिवाय काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं पडतं ते वेगळं. नव्या टँकमध्ये हे परवडणारं नव्हतं. म्हणून उष्णता आणि मीठ.

उष्णतेचा उपयोग काय, ते सांगते, कारण डायलचं सगळं दुखणं तिथेच आहे. अंगावर दिसतो तो ठिपका म्हणजे कातडीखाली शिरलेला परजीवी. तिथे त्याच्यापर्यंत ना औषध पोचतं ना मीठ. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाशी बसतो, फुटतो, आणि त्यातून शेकडो नवे जीव पोहत बाहेर पडतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. मारता येतात ते याच अवस्थेत. गार पाण्यात हे चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं, 25 अंशांच्या आसपास आठवडाभरात उरकतं, 30 ला त्याहून लवकर. म्हणून पाणी हळूहळू 30 वर न्यायचं आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तिथेच ठेवायचं.

आता डायल. 28 वर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वेगळा थर्मामीटर लावून पाहिला, तर पाणी 25. आधी वाटलं, वेळ लागत असेल. हिशेब केला: 50 लिटर पाणी एका अंशाने तापवायला 50 वॉटला कमीत कमी सत्तर मिनिटं हवीत, आणि ती बाहेर उष्णता अजिबात जात नाही असं धरून. थांबले. पाणी 25 वरच, आणि दिवा बंद! म्हणजे हीटर त्याच्या मते काम संपवून स्वस्थ बसला होता. 30 गाठायला डायल 33 वर न्यावा लागला. त्यात ते आकडे इतके बारीक, की सक्शन कपने नळी आडवी लावली तर ते मागच्या काचेकडे वळतात आणि टॉर्च घेऊन वाचावे लागतात. 25 ला परजीवी आरामात वाढतो, 33 ला पिल्लं गुदमरू शकतात. जिथे एकेका अंशावर जीव अवलंबून आहे, तिथे तीन अंशांची तफावत मला मान्यच नाही. त्या दिवसांत मी भेटेल त्याला सांगत होते, हा हीटर घेऊ नका.

ते मत नंतर बदललं. थर्मामीटरच्या भरवशावर चालवला तेव्हा याने कडाक्याच्या रात्रीही 30 धरून ठेवलं, मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावलं होतं त्याची मदत झाली. सतत चालू राहिला तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत, त्यामुळे विजेच्या बिलाची भीती निघाली. मीठ लिटरला एक ग्रॅमपासून सुरू करून दोनवर नेलं, वेगळ्या भांड्यात विरघळवून. मोलीला मीठ चांगलंच मानवतं. कोरीडोरास किंवा लोच जातीचे मासे असतील तर मात्र इतकं टाकू नका. एअर पंप रात्रंदिवस चालू, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी असेल तर मीठ-उष्णतेच्या उपचारात ती राहू द्या, औषध वापरलं तरच काढा. खाणं चिमटीभर, कारण गरम पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो. पाणी बदलताना काळजी घ्या: क्लोरीन जावं म्हणून नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं, तर पहाटे ते बर्फासारखं लागतं. त्यात गरम पाणी मिसळून, थर्मामीटर बुडवून, मगच टँकमध्ये. आणि त्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, तापलेली नळी उघडी पडली तर काच तडकते.

पहिले काही दिवस ठिपके वाढलेले दिसतात, घाबरू नका. कातडीखालचे बाहेर येत असतात. आमची दोन पिल्लं गेली, बाकीची सगळी आज ठणठणीत आहेत.

फेब्रुवारीत एका सकाळी पाणी 33 दिसलं आणि दिवा विझेना. या स्वस्त हीटरमध्ये दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडते. तिचे संपर्कबिंदू चिकटले की हीटर थांबतच नाही. लगेच प्लग काढला आणि सीताबर्डीला दुकानात नेला. "ताई, काचेच्या वस्तूची ग्यारंटी नाही राहत," इति दुकानदार. खोक्यावर सहा महिने छापलेले. काच तर शाबूत होती, बिघाड आतल्या पट्टीचा. मी बिल काउंटरवर ठेवलं आणि हलले नाही. बऱ्याच वेळाने, "देऊन राहिलो ना बदलून," म्हणत नवा दिला. बिल नसतं तर सहाशे रुपये गेले होते.

नव्याचा डायल दोन अंशांनी मागे आहे. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, आणि एक तारा त्या साध्या काचेच्या थर्मामीटरचा, जो शंभराच्या आत मिळतो आणि हीटरसोबतच विकायला हवा.

एप्रिल लागला की हीटर काढून ठेवणार. मे महिन्यात पाणी 30 च्या वर जाऊ नये म्हणून झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावायचा विचार आहे. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं, त्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मोलीच्या पिल्लांसोबत कोणी नागपुरात हे केलं असेल तर कोणता पंखा वापरला, ते जरूर सांगा.