बाहेरच्या बोर्डातून नवी लाइन: जुन्या पेटीत एमसीबी, शेजारी नवी पेटी की स्वतंत्र मीटर?

पुण्यातल्या एखाद्या बंगल्यात किंवा जुन्या सोसायटीत विजेवरची गाडी आली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो, की चार्जरसाठीची लाइन कुठून काढायची. व्यवहार्य मार्ग तीन आहेत: पार्किंगमधल्या मीटरशेजारच्या जुन्याच पेटीत एक एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) वाढवणे, त्या पेटीला लागून वेगळी छोटी पेटी बसवणे, किंवा महावितरणकडून गाडीसाठी स्वतंत्र जोडणी घेणे. पार्किंगच्या दिव्याच्या वायरला जोड देऊन सॉकेट काढून देण्याची तयारीही काही वायरमन दाखवतात. परंतु दिव्याची वायर बहुधा १.५ चौरस मिलिमीटरची असते आणि चार्जर तिच्यातून तासन्‌तास १५ अँपिअर ओढणार असतो, त्यामुळे तो पर्याय विचारातही घेऊ नये.

निवडीआधी भाराचा हिशेब मांडावा. वीजबिलावर मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर केलेली किलोवॉटची मर्यादा, छापलेला असतो आणि मेन स्विचवर त्याची क्षमता लिहिलेली असते. ३.३ किलोवॉटचा चार्जर सुमारे १४ ते १५ अँपिअर घेतो, २ किलोवॉटचा गीझर जवळजवळ ९, तेवढ्याच ताकदीची इंडक्शन शेगडी आणखी ९, आणि १ अश्वशक्तीची पाण्याची मोटर ६ च्या आसपास. सकाळी सातला हे सगळे एकत्र चालले तर बेरीज ३९ अँपिअरच्या घरात जाते, आणि मेन ३२ अँपिअरचा असेल तर पहिले दोन्ही मार्ग तिथेच अडतात, कारण ते दोन्ही त्याच मेनवर उभे आहेत. चार्जिंग रात्री अकरानंतर लावण्याची शिस्त घरात पाळली जाणार असेल तर ३.३ किलोवॉटपर्यंत निभावते. ७.४ किलोवॉटचा चार्जर मात्र एकटाच ३२ अँपिअर घेतो. त्यासाठी भार वाढवून घेणे किंवा तीन फेजची जोडणी घेणे भागच आहे.

जुन्याच पेटीत एमसीबी वाढवण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आणि अर्ध्या दिवसात होणारा आहे. पेटीत एक जागा रिकामी असावी आणि आतली पट्टी गंजलेली नसावी, एवढीच त्याची वरवरची अट. खरी अडचण आरसीसीबीची, म्हणजे गळती कळताच वीज तोडणाऱ्या स्विचची आहे. एमसीबी वायरला जादा प्रवाहापासून वाचवतो, परंतु माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारी गळती त्याला कळत नाही; ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे. बहुतेक घरांत सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असतो. उघड्यावरची नवी लाइन त्याच्याच पुढे जोडली, तर जूनच्या पहिल्या पावसात चार्जरच्या सॉकेटमध्ये थोडी ओल शिरताच सगळे घर अंधारात जाते आणि फ्रिजही बंद पडतो. मग वैतागून कोणीतरी तो आरसीसीबीच वगळून टाकतो, आणि एका लाइनीच्या सोयीसाठी सगळे घर असुरक्षित होते.

यावर उपाय म्हणून नवा फेज (वीज आणणारी वायर) आरसीसीबीच्या आधीच्या टोकावरून घेतला जातो, पण न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) मात्र सवयीने आरसीसीबीच्या पुढच्या जुन्याच पट्टीवर कसला जातो. आमच्या पार्किंगमध्ये नेमके हेच झाले होते: चार्जर लावला की घराचा आरसीसीबी पडायचा, आणि दोष चार्जरचाच आहे असे आम्ही दोन आठवडे धरून चाललो होतो. ज्या आरसीसीबीतून फेज जातो त्याच्यातूनच न्यूट्रलही परत आला पाहिजे, अन्यथा त्याला ती गळतीच वाटते.

म्हणूनच, मंजूर भार पुरेसा असेल तर शेजारी नवी पेटी बसवणे मला सर्वांत योग्य वाटते. मेनच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवरून फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्वतंत्रपणे नव्या पेटीत न्यावेत आणि तिथे ३.३ किलोवॉटच्या चार्जरसाठी २० अँपिअरचा एमसीबी व स्वतःचा आरसीसीबी बसवावा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत खरेदी करताना आरसीसीबी ‘ए टाइप’चा मागावा, सर्रास मिळणारा ‘एसी टाइप’ चार्जरमधून येऊ शकणारी डीसी मिसळलेली गळती ओळखण्यात कमी पडतो. पेटी आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत न येऊ देणारी असावी, पश्चिमेच्या उन्हात नसावी, आणि केबल खालच्या बाजूने ग्लँडमधूनच (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या तोंडातूनच) आत यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी आणि पाली दोन्ही बाहेर राहतात. १५ ते २० मीटर अंतरासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, ७.४ किलोवॉटसाठी किमान ६, आणि पाइप उन्हातून जात असेल किंवा अंतर लांब असेल तर १० घ्यावी.

स्वतंत्र मीटरचा विचार दोन परिस्थितींत करावा. पहिली, सोसायटीतल्या फ्लॅटचा मंजूर भार अपुरा असताना. दुसरी, गाडी खूप चालत असताना: घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढतात, आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी गाडी साधारण १५० युनिट घेते, म्हणजे २०० युनिटांचे घर ३५० वर जाते आणि वरची ५० युनिटे महाग टप्प्यात पडतात. एवढ्यासाठी दुसऱ्या मीटरचा दरमहाचा स्थिर आकार आणि अनामत भरणे क्वचितच परवडते. घर मुळातच ५०० च्या आसपास असेल तर गणित बदलते. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीने गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याची तरतूद केलेली आहे. वेगळा मीटर घेतला तरी त्याच्या पुढची पेटी, एमसीबी आणि आरसीसीबी हा खर्च टळत नाही.

अर्थिंगकडे तिन्ही मार्गांत सारखेच लक्ष द्यावे लागते, आणि पुण्यात थोडे अधिकच. इथे मातीच्या पातळ थराखाली काळा बेसाल्ट लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे काम उन्हाळ्यात करून त्याच वेळी मोजमाप घ्यावे, पावसाळ्यातले चांगले आकडे फसवे असतात.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकांवर वीज असतेच, आणि मीटर व त्याचे सील हे महावितरणचे असल्याने त्याला हात लावण्याचा अधिकार ठेकेदारालाही नाही. पैसे चुकते करण्याआधी गाडी लावून तासभर चार्जिंग चालू ठेवावे, नंतर पुरवठा बंद करून ठेकेदाराकडून पेटीतली प्रत्येक जोडणी तापली आहे का ते तपासून घ्यावे, आणि पुरवठा पुन्हा चालू झाल्यावर नव्या आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबावे: चार्जर बंद पडला आणि घरातले दिवे चालू राहिले, तर जोडणी बरोबर झाली आहे.