जिप्सीचे बसलेले पुढचे पाटे बदलल्यानंतरचे अकरा महिने

माझी गाडी 2007 सालची जिप्सी किंग, हार्ड टॉप, फोर व्हील ड्राइव्ह. साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर आमची थोडी जमीन आहे आणि आठवड्यातून किमान एकदा या गाडीने तिकडे जाणे होते. दोन वर्षांपूर्वीपासून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावर पुढून धाडकन आवाज येऊ लागला. शॉक ॲब्सॉर्बर गेले असावेत असे समजून मी ते बदलले, पण आवाज जसाच्या तसा राहिला. अखेर सपाट जागी गाडी उभी करून दुरून पाहिले, तेव्हा गाडीने नाक खाली घातल्याचे आणि चालकाची बाजू त्याहूनही खाली गेल्याचे दिसले. पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले होते, म्हणजे त्यांची कमान गेली होती. त्या दुरुस्तीला आता अकरा महिने झाले आणि गाडी 9,200 किमी चालली, त्यामुळे अनुभव लिहिण्याइतका काळ नक्कीच गेला आहे.

जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कमान पाटे आहेत. पुढच्या पाट्याचे मागचे टोक चॅसीला पक्के असते आणि पुढचे टोक शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, टांगलेले असते, म्हणजे चाक वर उचलले गेले की पाटा सरळ होऊन लांबतो आणि शॅकल त्याला जागा करून देते. पाट्यांची कमान वयाने आणि वजनाने कमी होत जाते. माझ्या बाबतीत वयापेक्षा वजनाचा दोष अधिक होता आणि ते वजन मीच हौसेने लादले होते: पुढे लोखंडी पाइपचा जाड गार्ड आणि त्याच्या मागे सुमारे 40 किलोंची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र). गाडीचे स्वतःचे वजनच एक टनाच्या आसपास असताना एवढा भार पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगणे शहाणपणाचे नव्हते. गार्ड मी 2022 मध्ये पंधरा वर्षांच्या री-पासिंगच्या वेळीच काढला, कारण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच अशा क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. गार्ड उतरल्यावर पुढची बाजू आपोआप उठेल ही माझी अपेक्षा मात्र फोल ठरली. गाडी जेमतेम पाच मिमी वर आली, कारण पोलाद एकदा कायमचे वाकले की भार काढल्याने ते पूर्वपदावर येत नाही.

मोजमापाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक जण डोळ्यांच्या अंदाजावर काम उरकतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजावी, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे माप ॲक्सल आणि बंप स्टॉपचे रबर (चाक फार वर आले की त्याला अडवणारा रबरी ठोकळा) यांच्यामधल्या अंतराचे आहे. मडगार्ड कधीतरी ठोकून सरळ केलेला असू शकतो. बंप स्टॉपचे अंतर मात्र चाकाला वर जायला खरोखर किती जागा उरली आहे ते सांगते. माझ्या गाडीत गार्ड काढल्यानंतर ते उजवीकडे 33 मिमी आणि डावीकडे 49 मिमी होते. आवाजाचे कारण तेवढ्याने स्पष्ट झाले: गतिरोधकावर चाक वर येऊन थेट रबरावर आदळत होते. मोजताना टाकीत नेहमीइतके पेट्रोल असावे, टायरमधली हवा सारखी असावी आणि मोजण्याआधी गाडी दहा-वीस मीटर पुढे-मागे करावी, नाहीतर गंजलेले पाटे एकमेकांना धरून ठेवतात आणि आकडे फसवे येतात.

योग्य उपायापर्यंत पोहोचण्यापूर्वी मी दोन चुका केल्या. पहिली चूक म्हणजे स्वस्तात जुन्याच पाट्यांना कमान देऊन घेणे. हे काम मुळात वाईट नाही. पाटा थंड असतानाच प्रेसवर किंवा घणाने थोडाथोडा ठोकत कमान वाढवली तर ती बऱ्यापैकी टिकते. परंतु मी ज्या ठिकाणी गेलो तिथे गॅसच्या ज्योतीने पाटे लाल करून वाकवले आणि तसेच जमिनीवर गार होऊ दिले. स्प्रिंगचे पोलाद तापवल्यावर ते पुन्हा तेलात विझवून आणि नंतर ठरावीक तापमानाला नेऊन त्याचे पाणी परत आणावे लागते; ते झाले नाही तर पाटा दिसायला पाटा राहतो, पण त्यातली लवचीकता निघून गेलेली असते. बंप स्टॉपचे अंतर 62 मिमी करून मिळाले आणि पाच महिन्यांत उजवी बाजू पुन्हा 36 वर आली. पैसे परत मागण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता.

दुसरी चूक लांब शॅकलची. मूळ मापापेक्षा 50 मिमी लांब शॅकल लावल्या की ॲक्सलपाशी गाडी साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे 25 मिमी उठते, आणि तेवढी ती उठलीही. परंतु पाटे तेवढेच थकलेले होते, फक्त त्यांचे टोक खाली ढकलले गेले होते. त्याबरोबर संपूर्ण ॲक्सल किंचित फिरला, त्याच्या डिफरन्शियलचे तोंड वर उचलले गेले आणि त्याला इंजिनाकडून ताकद आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला. गंमत अशी की एरवी हे जाणवतच नसे, कारण पुढच्या चाकांचे हब मोकळे (चाके ॲक्सलपासून सुटी) असताना तो शाफ्ट फिरत नाही. हब लॉक करून फोर व्हीलमध्ये जरा वेग घेतला की पायाखालची फरशी थरथरू लागे. शिवाय स्टिअरिंगचे चाक सरळ रस्त्यावर डावीकडे कललेले राहू लागले. तीन आठवड्यांत मी मूळ शॅकल परत बसवल्या.

त्यानंतर कराडच्या बाजूला ट्रकच्या पाट्यांचे काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. गाडी पाहण्याआधी त्यांनी विचारले, "विंच रोज लावलेली असते का, का फक्त फिरायला जाताना लावता?" रोजच असते म्हटल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना मूळ मापाचे नवे पाटे आणि त्याखाली प्रत्येकी एक आखूड पाटा वाढवण्याचा सल्ला दिला. चालकाच्या बाजूलाच जास्तीचा पाटा घालावा असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी नकार दिला, कारण एकटा चालक असताना सरळ दिसणारी गाडी चौघे बसले की दुसरीकडे झुकते. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकलचे पिन आणि सगळे बुश (सांध्यांतली रबरे) नवे घातले. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात. ते परत वापरून शेदोनशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल वळीचे) बोल्ट त्यांनी जॅकवर असताना नुसते हाताने बसवले आणि गाडी चारही चाकांवर उतरवल्यानंतरच पक्के आवळले, म्हणजे रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकत नाहीत. आधीच्या ठिकाणी हे झाले नव्हते. जुन्या बुशची एका बाजूने झालेली चिंधी पाहिल्यावर मला ते कळले.

मजुरीसह एकूण खर्च 14,600 रुपये झाला. त्या दिवशी अंतर उजवीकडे 78 आणि डावीकडे 80 मिमी होते. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत बसतात, त्यामुळे 500 किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले; सगळेच थोडे थोडे फिरले. हजार किमीला आकडे 70 आणि 73 झाले आणि आज ते 68 आणि 71 आहेत. म्हणजे नंतरच्या जवळजवळ दहा महिन्यांत दोनच मिमी, तेही दोन्ही बाजूंना सारखेच.

गतिरोधकावरचा आवाज पहिल्याच दिवशी गेला. ब्रेक दाबल्यावर गाडी तोंडावर जाण्याचे प्रमाणही ठळकपणे कमी झाले, आणि कुंभार्ली घाट उतरताना हा फरक सर्वाधिक कळतो. पूर्वी वळणावर ब्रेक मारला की उजवे टोक दबून गाडी बाहेर ओढली जात असे. पावसाळ्यात पठारावरची लाल माती चिकट होते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या खोल जातात. तिथे तीनदा लो गिअरमध्ये गाडी काढली. एकदाही पुढचा ॲक्सल चॅसीवर आदळला नाही. अलाइनमेंटच्या बाबतीत या गाडीत यंत्रावर फक्त टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडे आत किती वळलेली असावीत ते, जुळवता येते. कॅम्बर आणि कॅस्टर हे चाकांच्या कलाचे बाकीचे कोन ॲक्सलच्या घडणीतच ठरलेले असतात, त्यामुळे चारही कोन जुळवून देण्याचे पैसे सांगणाऱ्याकडे मी थांबलो नाही.

तक्रारीही आहेत. एकटाच असताना आणि मागे सामान नसताना पुढची बाजू निश्चितपणे कडक झाली आहे, आणि त्याला तो जास्तीचा आखूड पाटा कारणीभूत आहे. खडबडीत डांबरी रस्त्यावर हाताला बसणारे हिसके वाढले; पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे तासाभरानंतर मनगट दुखू लागते. टायरची हवा 26 वरून 24 वर आणल्याने थोडा आराम मिळाला. नोव्हेंबरमध्ये विंचचा पोलादी दोर काढून कृत्रिम धाग्याचा दोर घातला, त्यामुळे सुमारे दहा किलो वजन कमी झाले. आता हा आखूड पाटा काढून पाहावा असे मनात येते, पण मिस्त्री अजून एक पावसाळा थांबा म्हणतात. हिवाळ्यात पाटे कुरकुरू लागले होते. टोकांना ग्राफाइट ग्रीस लावल्यावर आवाज थांबला. धुळीच्या रस्त्यावर ग्रीसमध्ये माती अडकते, म्हणून दर तीन महिन्यांनी घासून पुन्हा लावावे लागते आणि हे काम मला आवडत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. पुढची बाजू वर आल्याबरोबर हेडलाइटचा झोतही वर गेला. आठवडाभर समोरची प्रत्येक गाडी मला डिपर देत होती आणि मी मात्र त्यांनाच दोष देत होतो. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे खाली घेतले.

केवळ गाडी उंच दिसावी म्हणून हे काम करायचे असेल, तर माझा अनुभव उपयोगाचा नाही; मी गाडी मूळ उंचीवर आणली आहे, त्याच्या वर नाही, आणि म्हणूनच ब्रेकच्या नळ्या, शॉक ॲब्सॉर्बर, प्रोपेलर शाफ्ट यांतले काहीही बदलावे लागलेले नाही. ज्याची पुढची बाजू खरोखर बसली आहे, त्याने कमान देऊन घेण्याऐवजी नवे पाटे घालावेत आणि विंच नसेल तर जास्तीचा पाटा टाळावा. आता पुढून गाडी सरळ झाल्यावर मागची बाजू उजवीकडे झुकलेली आहे हे दिसू लागले आहे. मोजले तर 11 मिमीचा फरक निघाला. मागचे बुश जूनच्या आधी बदलून पुन्हा मोजणार आहे.