ट्रायपॉड आणि बॉल हेड: डब्यावरचे किलो आणि हाताला लागणारी लचक

ट्रायपॉडच्या डब्यावर भारक्षमतेचा आकडा ठळक छापलेला असतो आणि बहुतेक खरेदी त्याच आकड्यावर होते. पण तो मोजायचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच माप नाही. मॅनफ्रोटोचेच दोन ट्रायपॉड घ्या. बीफ्री अॅडव्हान्स्ड हा अॅल्युमिनियमचा प्रवासी ट्रायपॉड हेडसकट, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या वरच्या भागासकट, साधारण दीड किलोचा, त्यावर लिहिलंय ८ किलो. १९० एक्सप्रो, तीन टप्प्यांचा, नुसते पायच २ किलोचे, त्यावर ७ किलो. आकडा बघितला तर बारीक पायांचा बीफ्री सरस. आता दोन्ही पूर्ण उंचीवर शेजारी उभे करा आणि वरचं टोक मुठीत धरून पिळा. कोण सरस ते हातच सांगतो.

कॅमेरा आणि नेहमीची लेन्स मिळून दोन-अडीच किलोच्या पलीकडं क्वचितच जातात. तेवढ्या वजनानं कुठलाही बरा ट्रायपॉड खाली बसत नाही. फोटो बिघडतो तो लचकेनं. शटर पडला, वारा आला, नॉबवरचा हात काढला, की वरचं टोक किती हलतं आणि किती वेळानं थांबतं, एवढाच प्रश्न असतो. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिमीच्या जागी २८ मिमीची नळी आली की तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून दुकानात ‘किती किलो झेलतो’ विचारण्यापेक्षा ‘वरची नळी किती मिमी, खालची किती’ असं विचारा. दर टप्प्याला नळी साधारण ३ मिमीनं बारीक होते. २८ मिमीवर सुरू झालेला चार टप्प्यांचा पाय जमिनीपाशी १९ वर येतो, तीन टप्प्यांचा २२ वर थांबतो. लचक बहुतेक त्या शेवटच्या काडीत असते.

उंचीचा हिशोब मधला दांडा खाली ठेवूनच करा. दांडा वर काढला की तीन पायांवरचा कॅमेरा एका काठीवर जातो. पाच फूट सात इंचाच्या माणसाचे डोळे साधारण १५८ सेंमीवर येतात. त्यातून हेडचे १० आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ८ ते १० वजा केले की पाय १३८ ते १४० सेंमीचे हवेत. १९० एक्सप्रो दांड्याशिवाय १३५ सेंमीपर्यंत जातो आणि दांड्यासकट १६०. थोडं वाकावं लागेल, पण चालतं. त्याचा मोठा भाऊ ०५५ एक्सप्रो दांड्यासकट १७० पर्यंत जातो, पण वजन अडीच किलो. गावातल्या गावात, गाडीतून नेणार असाल तर ०५५ घ्या. मिटल्यावर दोन्ही ६० सेंमीच्या आसपास राहतात. स्कूटरच्या पायापाशी आडवे बसत नाहीत, पाठीलाच बांधावे लागतात. एसटी असो की कर्नाटकची लाल बस, वरच्या फळीवर मात्र जातात.

१९० चा दांडा वर काढून आडवाही करता येतो. जुने कागद, दागिने, जमिनीलगतची फुलं यांसाठी ही सोय उत्तम, फक्त एक पाय नेमका आडव्या दांड्याखाली ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यासकट सगळं पुढं कोसळतं. शिवाय आडवा दांडा भलताच लवतो, तेव्हा दोन सेकंदांचा टायमर लावल्याशिवाय बटण दाबू नका.

लग्नाच्या स्टुडिओत सगळीकडं दिसणारा चौकोनी पन्हाळी पायांचा, मध्ये आडव्या पट्ट्यांचा, लांब हँडलचा स्टँड या यादीत बसत नाही. त्या पट्ट्यांमुळं पाय वेगवेगळ्या कोनात उघडत नाहीत. हॉलच्या फरशीवर काम चालतं. खानापूरच्या ओढ्यात एक पाय दगडावर आणि दोन पाण्यात ठेवायची वेळ आली की हा स्टँड तिरकाच उभा राहणार.

कार्बन फायबर घ्यावं का? त्याच ताठपणाला वजन कमी होतं आणि कंप लवकर विरतो. पण गाडीच्या डिकीत जड सामानाखाली दबला तर अॅल्युमिनियमला पोचा येतो आणि कार्बन तडकतो. गिट्झो कंपनीनं १९९४ मध्ये कार्बनचा पहिला ट्रायपॉड आणला, तेव्हापासून त्यांच्या मालिकांचा आकडा चढला की नळी जाड, हा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. आमच्या मते २०० मिमीच्या वरच्या लेन्सा नेहमी लावणाऱ्यानं वरची नळी ३२ मिमीची असलेला, मधला दांडा नसलेला कार्बनचा ट्रायपॉड घ्यावा, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. २४-७० मिमीच्या लेन्सवर भागणाऱ्यानं तो खर्च करू नये. बीफ्रीसारखा ४० सेंमीत मिटणारा ट्रायपॉड चालत जाणाऱ्याचा. रुंद लेन्स, शांत हवा आणि दांडा खाली, एवढी पथ्यं पाळली तर तोही काम देतो.

आता हेड. पायांवर पैसा घालून हेडवर काटकसर करणारे पुष्कळ, आणि पस्तावतात तेच. बॉल हेडमध्ये कॅमेरा एका गोळ्यावर फिरतो आणि नॉब आवळला की गोळा जागी धरला जातो, म्हणून पहिलं बघायचं ते त्या बॉलचा व्यास. पकड बॉलच्या पृष्ठभागावर असते, बॉल मोठा तितकी तीच पकड लांब तरफेवर काम करते. सिरुईच्या के-१०एक्स, के-२०एक्स आणि के-३०एक्समध्ये अनुक्रमे ३३, ३८ आणि ४४ मिमीचे बॉल आहेत. मिररलेस आणि २४-७० ला ३६-३८ पुरतो. ७०-२०० एफ/२.८ ही दीड किलोच्या घरातली लेन्स असेल तर ४४ च्या खाली उतरू नका. सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०-६०० ला, म्हणजे नुसत्या लेन्सच्या दोन किलोंना, बॉल हेड घेऊच नका. नॉब जरा सैल झाला की लेन्स एका बाजूला लुढकते आणि बोटं चिमटतात. त्याला गिंबल हेड, म्हणजे लेन्स तिच्या तोलावर झुलती ठेवणारं हेड लागतं.

दुसरं, घर्षणाची वेगळी सोय. मुख्य नॉबला एकच काम असावं, घट्ट करणं. घर्षण वेगळ्या स्क्रूनं बसवलेलं असेल तर मुख्य नॉब सोडल्यावरही कॅमेरा पडत नाही, हातानं ढकलला तरच हलतो.

तिसरं, प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडच्या क्लॅम्पमध्ये (पकडीत) बसवायची पट्टी. यात फसगत जास्त होते. मॅनफ्रोटोच्या एक्सप्रो बॉल हेडचेच प्लेटनुसार प्रकार आहेत. एकाला कंपनीची स्वतःची २००पीएल लागते, टॉप लॉकवाल्याला आर्का पद्धतीची, म्हणजे पुष्कळ कंपन्या वापरतात ती, चालते. आर्काचीच घ्या, कारण एल-ब्रॅकेट (कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट), लेन्सचा पाय, गिंबल सगळं त्याच खाचेत बसतं. पण आर्का म्हटलं तरी प्लेटांच्या रुंदीत कंपनीगणिक केसभर फरक असतो. खटक्याचा क्लॅम्प ठरलेल्या रुंदीवरच आवळतो, त्यामुळं परक्या प्लेटला सैल बसतो किंवा मिटतच नाही. फिरकीच्या स्क्रूचा क्लॅम्प हा फरक पोटात घेतो. दोन कंपन्यांचं सामान एकत्र वापरणार असाल तर फिरकीचाच.

उभ्या फ्रेमसाठी बॉल हेडला बाजूची खाच असते. ती वापरली की कॅमेरा ट्रायपॉडच्या मध्यापासून बाजूला लटकतो, वजन एका पायावर येतं आणि प्लेटच्या एकुलत्या स्क्रूभोवती कॅमेरा हळूहळू गिरकी घेतो. एल-ब्रॅकेटनं दोन्ही त्रास संपतात. मात्र तो त्या-त्या कॅमेऱ्याच्या मापाचाच घ्या, सर्वांना चालणारा म्हणून विकतात तो बॅटरीचं झाकण अडवतो.

दुकानात दहा मिनिटं मागून घ्या की, बेळगावच्या खडेबाजारातले दुकानदार देतात. कॅमेरा आणि आपली सगळ्यात लांब लेन्स सोबत न्या. पाय पूर्ण उघडा, दांडा खाली. समोरच्या फरशीचा किंवा फळीचा सांधा फ्रेमच्या मध्यभागी आणा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, नॉब आवळा आणि हात सोडा. सांधा थोडा सरकतोच, कारण बॉल, क्लॅम्प आणि प्लेटचं रबर आपापली जागा घेतात. किंचित सरकून थांबला तर चांगलं, सरकतच राहिला तर हेड परत करा. नंतर लेन्सच्या टोकाला बोटानं टिचकी मारा आणि मनात मोजा. एका सेकंदात चित्र स्थिर झालं तर पाय ताठ. तीन-चार सेकंद थरथर राहिली तर नको. शेवटी हेड काढून तळहातानं वरून दाबा. पाय बिजागरीपाशी बाहेर पसरत असतील तर आधी अॅलन कीनं तिथला बोल्ट आवळून बघा, पुष्कळदा दोष तेवढाच असतो. दुकानात पीस नसेल आणि ऑनलाइन मागवलात तर परत करायच्या मुदतीत हीच चाचणी घरच्या फरशीवर करा.

हेड पायांवर बसवताना ३/८ इंचाचा स्क्रू असतो, इंचाला १६ आटे. कॅमेऱ्याच्या तळाला १/४ इंच, इंचाला २० आटे. उद्यमबागेत लेथवर अडॅप्टर बुश किंवा टोकदार पाय करून घेता येतात, पण टर्नरला ‘इंचाचे आटे’ असं ठासून सांगा. एम-६ चा, म्हणजे मिलिमीटरच्या आट्यांचा बोल्ट कॅमेऱ्यात एक-दोन आटे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की कॅमेऱ्याचेच आटे खातो. पायाच्या टोकाचे आटे कंपनीगणिक वेगळे, तेव्हा जुना रबरी पाय नमुना म्हणून न्या. हेड डावीकडं फिरवताना पायांवरूनच सुटून येत असेल तर वरच्या चकतीखाली बारीक ग्रब स्क्रू आहेत का बघा. ते आवळले की थांबतं.

जागेप्रमाणं थोडं. जांबोटी-चोर्ला पट्ट्यातल्या ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथं रबर घसरतं आणि टोकदार पाय रुततो. अथणी-रायबागच्या काळ्या मातीत उलट. टोक खाली जातच राहतं, म्हणून पायांखाली प्लायचे तीन तुकडे टाका. गोकाकच्या झुलत्या पुलावर कितीही जाड पाय लावा, पूलच हलतो. तिथं एक सेकंदाचं एक्स्पोजर काठावरच्या खडकावरूनच घ्यायचं. वाऱ्यात मधल्या हुकाला बॅग अडकवतात ती हवेत झुलू देऊ नका, तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर बॅगच ट्रायपॉड हलवते. बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ च्या कमलबस्ती या जैन मंदिरात उजेड कमी असल्यानं ट्रायपॉडचा मोह होतो, पण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. ती नसेल तर दीड किलोचा काय आणि तीन किलोचा काय, दोन्ही दाराबाहेरच. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत तर घेऊन उतरूच नका, कुणीतरी पायात अडकून पडेल. एकाच पायाचा मोनोपॉड न्या.

एरवी जाड नळी आधी उघडायची, पण ओढ्यात उलट करा. सगळ्यात बारीक टप्पा आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे त्याचं लॉक पाण्याच्या आणि रेवेच्या वर राहतं. तरी पाणी गेलंच तर ट्रायपॉड मिटून कपाटात ठेवू नका. फिरकी लॉक पूर्ण सोडा, नळी ओढून काढा, आत दोन अर्धगोल प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या कुठल्या खाचेत बसल्यात ते बघून ठेवा, सगळं गोड्या पाण्यानं धुवा, रात्रभर सावलीत वाळवा आणि आट्यांवर बोटभर ग्रीस पातळ पसरून जोडा. पट्टी उलटी बसली तर नळी गोल फिरते आणि लॉक धरत नाही. खटक्याचं लॉक सैल झालं असेल तर त्याच्या बोल्टला पाव फेरा द्या, जास्त आवळलंत तर प्लास्टिकची कडी चिरते. बॉलला मात्र ना ग्रीस ना फवाऱ्याचं तेल. कोरड्या सुती फडक्यानं पुसा. तेल लागलेला बॉल नॉब कितीही आवळला तरी ७०-२०० खाली सरकत राहतो, आणि ते तेल आतल्या पकडीच्या तुकड्यात मुरलं की हेड उघडून धुतल्याशिवाय निघत नाही.