प्लेटिंगच्या शेडची सफाई आणि आमचे 8,38,500 रुपये

छत्रपती संभाजीनगरात आमची वडिलोपार्जित जागा आहे. तिथल्या शेडमध्ये भाडेकरूने 22 वर्षे क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देण्याचा, कारखाना चालवला. तो बंद पडल्यावर खाली दुकाने आणि वर सदनिका बांधायचे ठरले, तेव्हा जमिनीत मुरलेले विषारी क्रोमियम आणि छताचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे नियमाने हटवल्याचे कागद बिल्डरने आधी मागितले. त्याची अट रास्तच होती. या कामासाठी गाठलेल्या ठेकेदाराने 4,75,000 रुपये आगाऊ, माती उचलताना 3,25,000 आणि तपासणीचे 38,500 रुपये घेतले.

माती पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात जाईल, असे त्याने लेखी दिले होते. सकाळी 9 वाजता भरून गेलेला टिपर साडेअकराला रिकामा होऊन दुसऱ्या खेपेसाठी फाटकात उभा राहिला. रांजणगाव इथून दीडशे किलोमीटरहून लांब आहे. मी स्वतः वहीत दोन्ही वेळा लिहिल्या, गाडीचा नंबर लिहिला, चालकाला चहा दिला आणि माती कुठे टाकलीस, एवढे विचारले नाही. ते वहीचे पान आजही उघडवत नाही.

बँकेत 31 वर्षे सह्या तपासण्यात घालवलेला माणूस मी, निष्काळजी नाही. पण मजुरांच्या तोंडावर मास्क होते, अंगात पांढरे पोशाख होते, आणि त्याच आठवड्यात थोरले बंधू दवाखान्यात होते. घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा फॉर्म 10 कचरा पाठवणाऱ्यानेच सात प्रतींत भरायचा असतो, म्हणजे तो माझ्या सहीने निघायला हवा होता, हे मला फार उशिरा कळले. त्या कागदावाचून एकही गाडी फाटकाबाहेर सोडू नका.

पहिल्या पावसानंतर नव्या मुरमावर क्रोमियमचे पिवळे डाग उमटले. खालची माती बहुतांश जागच्या जागीच होती. ठेकेदाराने दिलेल्या तपासणीच्या अहवालावर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे चिन्ह होते. त्यांच्या संकेतस्थळावर शोधले, तर त्या नावाची प्रयोगशाळाच नव्हती. हा शोध पैसे देण्यापूर्वी घ्यायचा असतो.

पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे' असे सांगून तीन वेळा परत पाठवले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीचेच आहे, हे मी दाखवले, तेव्हा साहेब बाहेर गेल्याचे कळले. प्रदूषणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात तर उलट मलाच विचारले की कचरा तुमच्या जागेतला, मग तो कुठे गेला ते तुम्हीच सांगा. टिपरचा नंबर देऊनही कोणी मालकाला बोलावले नाही, आणि पालिकेने तो विषय आपल्या अखत्यारीत नसल्याचे तोंडी सांगितले. लेखी मागितले, ते दिले नाही. अर्जाची पोच मात्र प्रत्येक ठिकाणी शिक्क्यासह घ्या, कारण वकिलाने पहिल्यांदा तीच मागितली.

बिल्डरने हात काढून घेतला आहे. शेजारच्यांच्या बोअरचे पाणी मी आता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिले आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. अहवाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नका, असे वहिनींना सांगताना माझी मान वर झाली नाही.