दौलतगंजातील फ्रेमवाले आणि पणजोबांची तीन पदके

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजाच्या एका आतल्या गल्लीत, जुने फोटो दुरुस्त करून फ्रेममध्ये बसवून देणारे एक छोटेसे दुकान आहे. काका आणि पुतण्या मिळून ते चालवतात; काका फ्रेमचे काम पाहतात आणि पुतण्या संगणकावर बसतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी त्यांच्याकडे माझ्या पणजोबांचा एक फोटो आणि पहिल्या महायुद्धातील त्यांची तीन पदके सोपवली होती. फ्रेम भिंतीवर लागून आता दोन महिने झाले असून, झालेल्या चुका जमेस धरूनही हे दुकान चांगले आहे, असेच माझे मत आहे. दुकानाचे नाव मात्र देत नाही, कारण असली कामे महिन्याला तीन-चारच निभतात, गर्दी झाली तर हात बिघडतो, असे काकांनीच सांगितले. जुन्या फोटोंचे काका कुठे बसतात, एवढे विचारले तरी गल्लीतले कोणीही बोट दाखवते.

पणजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांचे एक चुलते शिंदे सरकारच्या पागेत चाकरीला होते, त्यांच्या मागोमाग ते तेरा-चौदा वर्षांचे असताना ग्वाल्हेरात आले आणि पुढे दरबारच्या तिसऱ्या पायदळ पलटणीत शिपाई म्हणून लागले. लष्कर हे नावच मुळी दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेले, तेव्हा देशावरून आलेल्या पोराला इथे पलटणीत जागा मिळाली यात नवल काही नव्हते. इथले शेजारी त्यांना अखेरपर्यंत दक्षिणी म्हणत आणि गावाकडचे भाऊबंद ग्वाल्हेरवाले म्हणत. गावच्या जमिनीतला त्यांचा वाटा याच शब्दाच्या आधारे परस्पर वाटला गेला, अशी आमच्याकडे समजूत आहे. पण तो विषय वेगळा.

दुकानात नेले तेव्हा या ऐवजाची अवस्था फारशी सांगण्यासारखी नव्हती. फोटोच्या मागे प्लायवूड होते, त्याचा तपकिरी रंग कागदात उतरला होता, खालच्या कोपऱ्याला कसर लागली होती आणि कडेने आरशासारखी चंदेरी झाक आली होती. पदकांच्या मूळ फिती केव्हाच गेल्या होत्या, त्यांच्या जागी पूजेची लाल नाडी बांधलेली होती. दर खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या विळी-कोयत्यांबरोबर ही पदकेही पाटावर मांडली जात आणि त्याआधी ती चिंच लावून घासली जात. चांदीच्या पदकावर एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार आहे. तो वास्तविक इंग्रजांचा संत जॉर्ज, पण आमच्या आजीने आणि तिच्या सासूने त्याला सरळ खंडोबा ठरवून टाकले होते, त्यामुळे तीन पदकांपैकी हळद सर्वांत जास्त याच्याच वाट्याला आली. घोड्याच्या पायांमधल्या खाचेत ती इतकी घट्ट बसली होती की मला ती पदकाचीच घडण वाटत असे.

मी पदके चकचकीत करून मागितली होती. काकांनी ती पांढऱ्या फडक्यावर ठेवली, भिंगातून पाच-सात मिनिटे पाहिली आणि म्हणाले, "साहेब, मी घासणार नाही. तुम्ही आधीच खूप घासलंत." मग त्यांनी चांदीच्या पदकाची कड दिव्यापाशी तिरपी धरून मला दाखवली. कडेवर रोमन अक्षरांत शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली होती. ती अक्षरे मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती, कारण कड कोणी पाहतच नाही. निम्मी अक्षरे चिंचेने खाल्ली होती आणि आमच्या आडनावाची तर कारकुनाने अशी मोडतोड केली होती की ते आमचेच आहे हे ताडायला मला बराच वेळ लागला. पुतण्याने लगेच बारीक मशीनने बरोबर नाव कोरून देण्याची तयारी दाखवली. काकांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो विषय तिथेच संपला. माझ्या पैशांचे मोल त्याच क्षणी झाले, असे मी मानतो. शहरात पॉलिश करून देणारी दुकाने पुष्कळ आहेत. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव चढला तेव्हा अशी कितीतरी युद्धपदके वितळवली गेली. आमचे वाचले ते बहुधा त्या खंडोबामुळेच.

तीन पदकांपैकी खरी माहिती कांस्याच्या ताऱ्याने दिली. त्यावरच्या पट्टीवर १९१४-१५ असे आकडे आहेत, आणि हा तारा १९१५ संपण्यापूर्वी जे प्रत्यक्ष युद्धभूमीवर पोचले होते त्यांनाच मिळत असे. पाठीमागे ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पायदळाचे नाव ठोकलेले आहे. संस्थानांनी स्वतःच्या खर्चाने इंग्रज सरकारच्या मदतीसाठी ज्या फौजा ठेवल्या होत्या त्यांतलीच ही पलटण, आणि तिची रवानगी पूर्व आफ्रिकेत झाली होती. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून सुमारे ८,००० माणसांची फौज जर्मनांच्या ताब्यातील टांगा बंदर घेण्यासाठी निघाली, तीत काश्मीर आणि ग्वाल्हेर या संस्थानांचे शिपाईही होते. बोटीच्या प्रवासाने आधीच बेजार झालेली ही माणसे २ नोव्हेंबरच्या रात्रीपासून किनाऱ्यावर उतरू लागली, ४ तारखेला शहरावर चाल करून गेली आणि ५ तारखेला पुन्हा बोटींत बसून परतली. फॉन लेटो-फोर्बेक या जर्मन सेनानीपाशी सुमारे हजार माणसे होती. इंग्रज फौज मागे ठेवून गेलेल्या बंदुका आणि काडतुसे त्याला पुढे बराच काळ पुरली.

या लढाईत बंदुकांच्या आवाजाने आणि गोळ्यांनी झाडांवरच्या मधमाश्या उठल्या आणि माणसांवर तुटून पडल्या, ही गोष्ट तिच्या इतिहासात नोंदलेली आहे. आमच्याकडे आजी सांगत असे की मामंजींना शत्रूची भीती नव्हती, मधमाशीची होती. अंगणातल्या निंबावर पोळे दिसले की ते घरात जाऊन दार लावून घेत. आम्ही मुले त्यावर हसत असू. ताऱ्याची पाठ वाचून घरी आल्यावर त्या हसण्याची मला थोडी लाज वाटली.

पूर्व आफ्रिकेत लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त माणसे निकामी झाली. मलेरिया आणि हगवण माणसांना लागली, आणि त्से-त्से माशीने घोडे व खेचरे मारली. पणजोबांना परत आल्यावरही दर पावसाळ्यात थंडीताप भरत असे, आणि त्यांच्या कोनाड्यात कोयनेलची बाटली शेवटपर्यंत होती. आजारी पडल्यावर ते 'महाराजांच्या बोटीतून' परतले, असे घरात सांगतात. ही बोट म्हणजे लॉयल्टी. मूळची ती १८९१ सालची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची एम्प्रेस ऑफ इंडिया; १९१४ च्या अखेरीस माधवराव शिंद्यांनी ती विकत घेऊन तिची रुग्णालय-बोट केली. युद्धानंतर वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी तीच बोट घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून इंग्लंडला निघाली, म्हणून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिवस पाळला जातो. पुतण्याला ही हकिगत फार आवडली. फोटोखालच्या पितळी पट्टीवर बोटीचे नाव घालू या, असा त्याने आग्रह धरला. मी नको म्हटले, कारण पणजोबा त्या बोटीत होते याला घरातल्या बोलण्यापलीकडे आधार नाही. पट्टीवर नाव, पलटण आणि पूर्व आफ्रिका एवढेच घातले आहे.

आता तक्रारी. फोटो स्कॅन करून त्याची नवी प्रत काढायची आणि मूळ फोटो वेगळ्या लिफाफ्यात परत द्यायचा, असे ठरले होते, आणि ही पद्धत योग्यच आहे. पण पहिली प्रत हातात आली तेव्हा मी चाटच पडलो. पुतण्याने कुठल्याशा ॲपमधून चेहरा काढला होता. पणजोबांच्या गालांवर देवीचे वण होते ते गुळगुळीत झाले होते, डावा डोळा किंचित बारीक होता तो उजव्यासारखा टपोरा झाला होता, मिशीला पीळ आला होता आणि फेटा भगवा झाला होता. देखणा दिसत होता तो माणूस, पण आमचा नव्हता. एखाद्या ऐतिहासिक मालिकेतला सरदार म्हणून खपला असता. मी म्हटले, "अहो, हे कोण?" पुतण्याने निरागसपणे सांगितले की गिऱ्हाइकांना असेच आवडते, आणि यात तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. काकांनी दुसऱ्यांदा स्वतः शेजारी बसून काम करून घेतले. या वेळी फक्त कसरीने खाल्लेला कोपरा, चेहऱ्यावरून गेलेली एक घडी आणि बुरशीचे ठिपके एवढेच काढले, रंग मुळीच भरला नाही, आणि वण जिथल्या तिथे राहिले.

दुसरी चूक फितींची. नव्या फिती त्यांनीच मुरारच्या छावणीकडून आणवल्या, हे चांगले केले, परंतु बसवताना अदलाबदल झाली. मध्ये नारिंगी पट्टा आणि कडेला पांढरा, काळा, निळा अशी जी फीत आहे ती चांदीच्या पदकाची. इंद्रधनुष्यासारखी आहे ती पंख असलेल्या देवीच्या विजयपदकाची. त्यांनी नेमके उलट केले होते, शिवाय एक पदक पाठीमागून गोंदाने चिकटवलेले होते. गोंद पाहून मात्र मी आवाज चढवला. काकांनी वाद न घालता तो कोमट पाण्याच्या बोळ्याने उतरवला, आणि आता तिन्ही पदके मागच्या पुठ्ठ्याला दोऱ्याने टाचलेली आहेत, हवी तेव्हा काढता येतात.

फ्रेमची बांधणी उत्तम आहे. खोल पेटीसारखी सागवानी चौकट आहे, फोटो काचेला टेकू नये म्हणून मध्ये बोटभर जागा सोडली आहे, आणि पाठीला प्लायवूड न लावता आम्लरहित पुठ्ठा घातला आहे. पावसाळ्यात काचेला चिकटून फोटो कसे खराब होतात हे ज्याने पाहिले आहे त्याला या बोटभर जागेची किंमत कळेल. चांदीच्या पदकाची कड दिसावी म्हणून ते किंचित तिरपे बसवण्याची कल्पना काकांची. जुनी लाल नाडी त्यांनी टाकून न देता घडी करून पाठीमागच्या पाकिटात ठेवली आहे, आणि घोड्याच्या पायांतली हळदही तशीच आहे.

फोटोच्या कामाचे १,८०० रुपये आणि फ्रेमचे ४,२०० रुपये पडले. फितींचे वेगळे घेतले नाहीत. पंधरा दिवसांचा वायदा होता, प्रत्यक्षात एक्केचाळीस दिवस लागले आणि त्यात मला सहा खेपा घालाव्या लागल्या. फोनवर 'उद्या' असे उत्तर मिळाले तर त्याचा अर्थ पुढचा आठवडा, असे धरून चालावे. जाताना मूळ फोटोच न्यावा, मोबाइलवर काढलेला नेऊ नये, आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही हे पावतीवर लिहून घ्यावे. फ्रेमच्या तळाचे चार स्क्रू लोखंडी निघाले असून त्यांतल्या एकावर आताच गंज दिसू लागला आहे. ते पितळी घालून देतो असे काकांनी कबूल केले आहे, दिवाळीनंतर बोलावले आहे.